पीएचपी वहीत उतरवून येत नाही

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझी पुतणी तालुक्याच्या एका क्लासमध्ये वेबसाइट बनवायचा कोर्स करते, फी भावानं सोयाबीन विकून भरली. परवा वही पाहिली तर पानंच्या पानं पीएचपी (वेबसाइटच्या मागचं काम लिहायची भाषा) कोड पेनानं उतरवलेला, अन् डेटाबेस, म्हणजे माहितीचा साठा, जोडायला मायएसक्यूएल_कनेक्ट ही तयार आज्ञा! अहो ते फंक्शन २०१५ मध्ये पीएचपी ७ आलं तेव्हाच काढून टाकलं, आता चालवलं की सरळ एरर. मी याच कामात आहे म्हणून कळलं, नाहीतर पोरीला वाटलं असतं आपलंच चुकलं. सरांना विचारलं का म्हटलं तर, "काका, सर म्हणते पेपरात हेच येते."

मग रात्री लाइट आल्यावर जुन्या लॅपटॉपवर झॅम्प (आपल्याच कॉम्प्युटरवर पीएचपी चालवून पाहायचं सॉफ्टवेअर) टाकलं आणि कृषी केंद्राच्या उधारीचं छोटं ॲप तिच्याकडूनच करून घेतलं. लॉगिनच्या खान्यात मी मुद्दाम एक अवतरण चिन्ह आणि पुढे थोडी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला हुकूम द्यायची भाषा, टाकली, अन् पासवर्डशिवायच आत! पोट्टी पाहतच राहिली. प्रिपेअर्ड स्टेटमेंट, म्हणजे खान्यात भरलेला मजकूर हुकमापासून वेगळा ठेवायची पद्धत, कायले लागते ते तिला दहा मिनिटात समजलं, वहीतून वर्षभरात नसतं समजलं. पासवर्ड हॅश करून, म्हणजे परत वाचता येणार नाही असा बदलून, ठेवायचा हेही मग तिनंच विचारलं.

क्लासवाल्यांना एवढंच म्हणणं आहे, लॅबचं कुलूप काढा, पोरांना एक तरी ॲप खऱ्या होस्टिंगवर, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना उघडता येईल असं, चढवू द्या, आणि सर्टिफिकेटचं लॅमिनेशन नंतर करा बाप्पा.

- एक काका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ