सुतार आबांबद्दल अजून सांगा

प्रिय आई-बाबा,

हे सगळं फोनवरच बोलणार होते, पण फोनवर आपलं काय होतं माहितीये ना, आई मध्येच विचारते जेवलीस का, बाबा म्हणतात ठेव आता बिल येईल (बाबा, व्हॉट्सॅपला बिल येत नाही), आणि विचारायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितेय. दादाच्या पोराला सांगितलंय मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दे म्हणून, त्याने नाही दिली तर त्याचा मोबाईल काढून घ्या.

२ नोव्हेंबर २०२४ ची दफनभूमीतली मिस्सा, गेलेल्या सगळ्यांसाठीची प्रार्थना, मी यूट्यूबवर लाईव्ह पाहिली. तुमच्याकडे वसईत संध्याकाळ, इकडे कॅनडात मिसिसागात शनिवारची सकाळ. यंदा पाडवा त्याच दिवशी आलेला, त्यामुळे झेंडू काय भावाने मिळाला असेल ह्याचा विचार आधी डोक्यात आला, पण कबरी सगळ्या भरगच्च दिसत होत्या, म्हणजे लोकांनी हात आखडता घेतलेला नाही. आजीच्या क्रूसाला नवा रंग दिलाय तो पण दिसला, छान झालाय. मग फादरांनी वर्षभरात वारलेल्यांची नावं वाचली. नाव, आडनाव, आळी, पुढचं नाव. एवढी मोठी यादी, त्यांनी तरी काय करावं, पण एका माणसाला दोन सेकंद पण आले नाहीत.

मी व्हिडिओ थांबवून थांबवून ऐकला, बहुतेक सगळी आपली ओळखीची. आणि मग एक विचित्रच गोष्ट लक्षात आली. प्रत्येक नावाला माझ्या डोक्यात पहिल्यांदा काय आलं तर आजार. सुतार आबा, किडनी. फुलवाली मावशी, बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड, मग उठलीच नाही. बँडवाले काका, रात्री जेवून झोपले ते सकाळी उठले नाहीत. मला आबांचं क्रिएटिनिन किती होतं ते पाठ आहे, पण आबांनी आयुष्यात काय काय केलं ते मी धड चार वाक्यात सांगू शकत नाही. कारण तुम्ही फोनवर तेच सांगता ना! कोण गेलं, कुठल्या हॉस्पिटलला होतं, किती दिवस आयसीयूत, बिल किती झालं, मातीला माणसं किती होती, कुठला मुलगा वेळेवर पोचला आणि कुठला नाही. रागावू नका, पण बाबा तुम्ही तर अगदी डिस्चार्ज कार्ड वाचल्यासारखं सांगता.

आणि गावाच्या ग्रुपवर तर विचारूच नका. फोटो, खाली आरआयपी, खाली हात जोडलेले, आणि सगळ्यांना तोच मजकूर, प्रेमळ, मनमिळाऊ व धर्मनिष्ठ. फुलवाली मावशी मनमिळाऊ? आई, तूच सांग! ती तोंड उघडायची तर अर्धी आळी दारं लावून घ्यायची. आणि धर्मनिष्ठ होती हे खरंय, एक रविवार चुकवला नसेल, पण प्रवचन सुरू झालं की पाचव्या मिनिटाला तिची मान खाली, कारण बाई रोज रात्री दोन-अडीचला उठलेली असायची. तिच्या फोटोखाली कोणीतरी हे लिहायला पाहिजे होतं की ही बाई अख्खा जन्म पुरेशी झोपली नाही. संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या खुडायच्या, ओल्या फडक्यात बांधायच्या, पहाटे अंधारात फुलांची टोपली डोक्यावर घेऊन स्टेशन गाठायचं, पहिल्या गाड्यांपैकी मिळेल त्या गाडीच्या लगेज डब्यात बसून दादरच्या फूल मार्केटला. लाल लुगडं, त्याच्यावर पुरुषाचा जुना स्वेटर. मी कॉलेजला जायचे तेव्हा ती परत येत असायची, बऱ्याचदा स्टेशनच्या पुलावर भेट व्हायची, रिकामी टोपली काखेत, आणि उरलेला एखादा गजरा माझ्या बॅगेत कोंबून वर शिव्या, की शिकून काय कलेक्टर होणारेस का. फीच्या वेळेला तुम्ही तिच्याकडूनच पैसे घेतलेले ना? मला तेव्हा सांगितलं नव्हतं, पण मला कळलं होतं.

तिचा हिशोब स्वयंपाकघराच्या भिंतीवर असायचा, कोळशाच्या रेघा. आडव्या कोणाच्या, उभ्या कोणाच्या, ते तिलाच माहिती. कोणाला किती उसने दिलेत, भिशीत कोणाचा नंबर आला, सगळं त्या भिंतीवर. घराला ऑइलपेंट मारला तेव्हा रेघा गेल्या आणि तरी तिने सगळे पैसे बरोबर वसूल केले असं आई तू एकदा हसत सांगितलं होतंस. हे तिच्या नातवंडांना माहिती आहे का? मला वाटतं नसणार. तो एक नातू इकडेच आहे आमच्याजवळ, त्याच्या डोक्यात आजी म्हणजे खुब्याच्या ऑपरेशनचा खर्च.

आता आबा. आबांबद्दल मला सगळ्यात जास्त विचारायचंय आणि ते बाबा तुम्हीच सांगू शकता, कारण तुम्ही त्यांच्या बरोबरचे. आबा रहाट बनवायचे, हे मला माहितीये, पण मी चालता रहाट असा पाहिलाच नाही, माझ्या आठवणीत आपल्या विहिरीवर फक्त ते मोडकं चाक आहे ज्याच्यावर आम्ही चढायचो आणि ओरडा खायचो. तुम्ही म्हणता पूर्वी प्रत्येक वाडीत रहाट, जनावराच्या डोळ्याला झापडं बांधून गोल गोल फिरवायचं, आधी मातीची गाडगी मग पत्र्याचे डबे, आणि पाटाने पाणी केळीला, पानवेलीला. चाकाच्या दात्यांना लाकूड कुठलं वापरायचे? एक दाता मोडला तर पूर्ण चाक उतरवायला लागायचं की जागेवर बदलायचे? आणि रात्री रहाटाच्या आवाजावरून कोणाची वाडी भिजतेय ते ओळखता यायचं हे खरं की तुम्ही आम्हाला झोपवायला सांगायचात?

मग पंप आले आणि आबांचं ते काम गेलं. माणूस एवढं बारीक काम शिकला आणि पन्नाशीच्या आत ते कोणाला नकोसं झालं, त्याच्यावर ते कधी काय बोलले का? मला तरी ते कधी कुरकुरताना आठवत नाहीत. दारं, खिडक्या, चर्चचे बाक, आणि मयताच्या पेट्या. पेट्यांचं मात्र मला चांगलंच आठवतंय. कोणी गेलं की आबा दहा मिनिटं येऊन नुसते उभे राहायचे, मोजपट्टी कधी आणली नाही, नजरेने माप घ्यायचे आणि घरी जाऊन रात्रभर ठोकाठोक. म्हणून तर आजी आजारी असताना ते बघायला आले की ती म्हणायची, माझ्याकडे असा बघू नको रे, अजून वेळ आहे. लहान मुलाच्या पेटीचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत, हे मला आईने सांगितलंय, आणि ते त्यांनी स्वतः कधी कोणाला सांगितलं नाही, हे पण. आपल्या दफनभूमीत किती माणसं आबांच्या हातच्या पेटीत झोपलीयत कोणी मोजलं असेल का?

त्यांच्या मातीचा व्हिडिओ ग्रुपवर आला होता. दुकानातली पेटी, चकचकीत, पितळेच्या कड्या, आत सॅटीन. मुलांनी हौसेने चांगलंच केलं, त्यांना काही बोलायचं नाही. पण आबांनी स्वतः बघितली असती तर बोट आपटून म्हणाले असते, प्लायवूड आहे.

बँडवाल्या काकांचं मला फार काही माहिती नाही, तेवढंच की लग्नात आणि मयताला तोच माणूस तेच क्लॅरिनेट वाजवायचा आणि दोन्हीकडे चेहरा सारखाच. दादाला विचारा, तो त्यांच्याकडे महिनाभर शिकायला जात होता आणि पळून आला.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले तेव्हा (२५ जुलै, बाबा तुम्ही त्या दिवशी फोनवर रडलात, मी ऐकलं) तुम्ही मला सगळी कात्रणं पाठवली. मी सगळी वाचली. सुवार्ता मासिकाचं संपादन १९८३ ते २००७, बायबलचं मराठी भाषांतर, २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, तिथपर्यंत पोचलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू, आणि त्यावरून त्यांना आलेले धमकीचे फोन. हरित वसईचा लढा. हे सगळं पेपरात आलंय, पुस्तकात आहे, आणि फादर स्वतः लिहिणारे होते, त्यांचं काही हरवणार नाही. पण त्या मोर्च्यांना फादर एकटे थोडेच चालत होते? वाड्या बिल्डरच्या घशात जाऊ नयेत म्हणून कामधंदा सोडून जी माणसं उन्हात चालली त्यात तुम्ही होतात, आबा होते, आणि आई म्हणते फुलवाली मावशी तर दादरवरून आली ती घरी न जाता रिकामी टोपली घेऊन थेट मोर्च्यात. ह्याच्याबद्दल पेपरात एक ओळ नाही, आणि येणार पण नाही. तुम्ही तो विषय काढला की म्हणता, आम्ही काय, फादर बोलवायचे आम्ही जायचो. असं नसतं हो बाबा. आज निदान आपल्या आळीत बावखल, ते जुनं गोड्या पाण्याचं तळं, शिल्लक आहे, बाकी गावांत भराव टाकून इमारती झाल्या, ते काय आपोआप राहिलं?

अजून एक. यादीत वाण्याचं नाव नव्हतं. असणार कसं, चर्चची यादी आहे, आणि त्यांचे विधी तर त्यांनी त्यांच्या पद्धतीने केलेच असतील. पण मला ते खटकलं. चाळीस वर्षं नाक्यावर दुकान, निम्म्या गावाची उधारी त्यांच्या वहीत, नाताळला आपल्याकडून फराळ त्यांच्याकडे आणि दिवाळीला त्यांच्याकडून आपल्याकडे. २०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरलं, गाड्या बंद, लाईट गेले ते दिवसच्या दिवस आले नाहीत, तेव्हा गुडघाभर पाण्यात दुकान उघडं ठेवून मेणबत्त्या आणि दूध पावडर छापील किमतीला देणारा माणूस तोच होता ना? तेव्हा बाकीचे काय भावाने विकत होते ते पण तुम्हीच सांगितलेलं. त्यांच्याबद्दल तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, वाणी गेला, अटॅक. फोनचं एक वाक्य. आई मग लगेच म्हणाली सांभाळून राहा, थंडी पडली का.

तर मी एक वही केलीय. प्रत्येकाला दोन-दोन पानं सोडलीयत. बहुतेक पानं कोरी आहेत, कारण मला एवढंच माहिती आहे जेवढं वर लिहिलं. बाकीचं तुमच्या डोक्यात आहे. बाबा, तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहिता तसं लिहा, शुद्धलेखनाची काळजी नको, मी कोण मास्तरीण. आई, तुला लिहायचा कंटाळा आहे मला माहितीये, तू नुसतं बोल, पोराला सांग रेकॉर्डिंग कर म्हणून, त्याला तेवढंच काम चांगलं येतं. शिव्या पण येऊ देत. मावशीबद्दल शिव्यांशिवाय बोलताच येणार नाही. आणि आळीतल्या कोणाशी भांडण होतं, जमिनीच्या बांधावरून वगैरे, ते पण सांगा, मेल्यावर सगळे देवमाणूस झालेले मला नकोत.

आणि आई, ते तुझं वाक्य, पुढच्या वर्षी आमची नावं वाचतील आणि तू तिकडून बघशील, ते कृपा करून बंद कर. तुला वाटतं गंमत आहे, मी फोन ठेवल्यावर तासभर काही करू शकत नाही. आणि खरं सांगू का, त्यात भीतीपेक्षा राग जास्त असतो, की हिला एवढं सगळं माहितीये आणि ही मला फक्त बीपीचा आकडा सांगते. तुझ्या लग्नाआधीचं मला काही म्हणजे काही माहिती नाही. लॅटिनमधली मिस्सा मराठीत आली तेव्हा तू चर्चच्या गायनात होतीस एवढंच मला मामाकडून कळलं, तुझ्याकडून नाही. तेव्हा तुम्ही पोरी ती नवी गाणी कुठे बसून शिकायचात, कोण शिकवायचं, म्हाताऱ्यांना लॅटिन गेलं म्हणून राग आला होता का? ह्याला वेगळी वही केलीय, नाव टाकलंय, घाबरू नको.

दादाचा मित्र नाताळच्या सुट्टीनंतर इकडे येतोय, त्याच्याबरोबर जे काय लिहून होईल ते पाठवा. सुकेळी, ती वाळवलेली केळी, पाठवू नका, मागच्या वेळी एअरपोर्टवर बॅग उघडून बसवलं होतं बिचाऱ्याला. बरं, थोडी पाठवली तरी चालतील, कागदांच्या खाली ठेवा. आणि बाबा, आबांच्या मुलाला भेटलात तर त्यांची हत्यारं कुठे आहेत ते विचारा, भंगारात दिली नसतील तर त्यांचा एक फोटो काढून पाठवा, त्यांच्या पानावर चिकटवायचाय.

तुमची,
धाकटी