शेजारचा गाळा वाचवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

अंबडच्या आमच्या पत्र्याचे ब्रॅकेट बनवणाऱ्या शेडमध्ये जागा पुरेना, तेव्हा शेजारचा गाळा भाड्याने घ्यायचं बाबांनी जवळजवळ ठरवलं होतं. तुम्ही टेप घेऊनच आलात. १:५० मापाचा नकाशा, पुठ्ठ्याची मशिनं आणि एका ब्रॅकेटचा प्रवास दाखवणारा दोरा. गेटमधून शीट पार मागे शिअरिंगला (पत्रा कापायला), तिथून पुढे प्रेसला (दाबून आकार द्यायला), टॅपिंगला (भोकात आटे पाडायला) परत मागे, तपासणीला पुन्हा पुढे. तो गुंता बघून बाबा गप्प बसले. (हेही तुमचेच उपकार.)

मला त्यानंतरचा तक्ता जास्त आवडला. कुठून कुठे, किती मीटर, दिवसाला किती फेऱ्या. प्रेस ते टॅपिंग अंतर फार नव्हतं, पण फेऱ्यांनी गुणल्यावर तेच सगळ्यांत भारी निघालं. फाउंडेशनवरचा पॉवर प्रेस जागचा हलवायचा नाही, टॅपिंग आणि डीबरिंग (कडांची खरखर काढणं) त्याच्याभोवती यू आकारात आणायचं, शिअरिंग गेटपाशी. मग रिचर्ड म्युथर यांच्या कारखाना-मांडणीच्या पद्धतीतलं ए, ई, आय, ओ, यू, एक्स असं जवळिकीचं कोष्टक तुम्ही आमच्याकडून भरून घेतलंत. ए म्हणजे अगदी शेजारी, एक्स म्हणजे लांबच बरं. प्रेसच्या हादऱ्यांपासून मापं तपासायच्या गेजचं टेबल आणि ग्राइंडिंगच्या धुळीपासून पॅकिंग दूर गेलं ते या एक्समुळे.

खरा वाद झाला बिनवरून, म्हणजे तयार नग ठेवायच्या डब्यांवरून. प्रेस आणि टॅपिंगच्या मध्ये दोनच छोटे बिन, दोन्ही भरले की प्रेस बंद. "चालता प्रेस थांबवायचा?" बाबांचा आवाज चढला. मलाही ते पटायला वेळ लागला. पण टॅपिंगचं काम मागे पडलेलं असताना प्रेस मारत राहिलं, तर नुसता ढीग वाढतो. त्यात डाय (प्रेसमधला साचा) झिजलेली असली, तर ते कळेपर्यंत सगळा ढीग रिजेक्ट. आमची जागा खात होता तो हाच ढीग.

आता बिन चाकांच्या ट्रॉलीवर, कमरेच्या उंचीला असतात. जमिनीवर ठेवा, पुन्हा वाका, उचला, हे संपलं. टॅपिंगवरच्या मावशींनी तुम्हाला खास नमस्कार सांगितला आहे.

गाळा घेतला नाही. डाय-रॅकचं काम तेवढं राहिलंय. जड डाय कमरेच्या उंचीच्या कप्प्यात ठेवायला बाबा अजून तयार नाहीत. तेव्हा मिसळ खायला या, आणि टेप आणा.

तुमची पुतणी