ओल्या हाताला झटका देणारा ‘ग्रो लाईट’: पैसे परत करा आणि विकलेले दिवे माघारी बोलवा

दि. 24 जुलै 2025

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: रोपांसाठी घेतलेल्या चार दिव्यांपैकी एकात करंट उतरणे आणि बॉक्सवरील खोटी माहिती

महोदय,

मी भिवापूर तालुक्यातली (जि. नागपूर) शेतकरी आहे. आमच्या भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, आणि घरचं बी जपणाऱ्यांपैकी मी एक आहे. मागच्या वर्षी झड लागली, गादीवाफ्यात पाणी साचलं आणि अर्धी रोपं मर रोगानं गेली. म्हणून यंदा मधल्या खोलीत लोखंडी मांडणीवर 98 कपांचे आठ प्रोट्रे (रोपं तयार करायचे प्लॅस्टिकचे ट्रे) ठेवले. खोलीत ऊन येत नाही, त्यासाठी तुमचे चार ‘ग्रो लाईट’ ऑनलाईन मागवले. एकाची किंमत 1,299 रुपये.

नुकसानीचं पुढे सांगते. आधी झटक्याचं.

लावल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी मी ट्रेवर पाण्याचा फवारा मारला आणि ओल्या हातानं दिवा जरा वर सरकवायला गेले. कोपरापर्यंत असा झटका बसला की हातातला पंप खाली पडला. त्याच मांडणीला धरून माझी तीन वर्षांची नात उभी राहते. गावातल्या वायरमननं टेस्टर लावला तर दिव्याच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर तो पेटला. मागचं झाकण उघडल्यावर दिसलं की आत जाणारी वायर पत्र्याच्या धारेवर घासून उघडी पडली होती. वायर जिथून आत जाते तिथे रबराचं बूचही नव्हतं. धातूचं अंग, रोज पाणी मारायची जागा, आणि प्लग दोन पिनांचा, अर्थिंगची वायरच नाही! दुहेरी इन्सुलेशन असलेल्या वस्तूवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, तीही नाही. बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक घरातल्या साध्या एलईडी ट्यूबच्या बॉक्सवर छापलेला आहे, तुमच्या बॉक्सवर कुठेच नाही.

तुमच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, “मॅडम, प्लग उलटा लावून बघा.” उलटा लावला की त्या वेळी झटका थांबतो, हे वायरमननं करून दाखवलं. पण उघडी वायर पत्र्याला टेकलेलीच राहते. आमच्याकडे लाईन दिवसातून चार वेळा जाते. कुणी प्लग काढला आणि पुन्हा सुलटा लावला, की पूर्ण 230 व्होल्ट त्या मांडणीवर. असा सल्ला देणाऱ्याला फोनवर बसवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता रोपांचं. बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘1000 वॅट’ आहे. वायरमनच्या मीटरवर एक दिवा 24 वॅट घेतो. तुमच्या कागदात दिवा दीड फूट उंच टांगायला सांगितलंय, तसा टांगला. आठ दिवसांत रोपं सुतासारखी लांब होऊन आडवी पडली. उजेड कमी पडला की रोप त्याच्याकडे ताणत जातं, हे आम्ही वाफ्यावरही पाहतो. मी विचारलं की दीड फुटावर रोपाला किती मायक्रोमोल (झाडाच्या कामाचा उजेड मोजायचं माप) मिळतात, तर उत्तर आलं, “लुमेन भरपूर आहेत.” लुमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशेबानं मोजतात, झाडाच्या नाही.

तुमच्या दिव्यांच्या जांभळ्या उजेडात पानं काळपट दिसतात. मर लागलेल्या रोपाच्या बुडाशी भिजल्यागत करडा डाग पडतो, तो मला दिसलाच नाही. ट्रे बाहेर सपरीत (पडवीत) नेला तेव्हा कळलं. पाच ट्रे, म्हणजे 490 रोपं गेली. उरलेल्या तीन ट्रेवर मी घरातल्या 20 वॅटच्या पांढऱ्या ट्यूब वीतभर अंतरावर बांधल्या, रोज चौदा तास लावल्या आणि रात्री खोलीत पूर्ण अंधार ठेवला. ती रोपं ठेंगणी, जाड बुडाची झाली आहेत आणि पानांचा रंग दुरूनही ओळखू येतो. साध्या ट्यूबनं जे जमलं, ते 5,196 रुपयांच्या दिव्यांनी जमलं नाही.

माझं मागणं असं आहे. 5,196 रुपये आणि गेलेल्या रोपांची भरपाई द्या. त्याहून आधी, हाच दिवा ज्यांनी ज्यांनी घेतला त्यांना आजच मेसेज करा की तो बंद ठेवा, आणि स्वतःच्या खर्चानं परत न्या. गावोगावी बाया घरात रोपं करून विकतात, त्यांचे हात दिवसभर ओलेच असतात. पुढे विकाल तो दिवा तीन पिनांचा आणि पाण्याचा शिंतोडा सोसणारा असू द्या. बॉक्सवर खरे वॅट आणि किती अंतरावर रोपाला किती उजेड मिळतो ते मराठीत छापा.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवीन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे मी राहते त्याच जिल्ह्याच्या आयोगात मला दाद मागता येते, तीही मागेन. चारही दिवे, वायर उघडी पडलेला तो धरून, मी जपून ठेवले आहेत. तुमचा माणूस पाठवा, समोर टेस्टर लावून दाखवते.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत: बिलाची प्रत, उघडलेल्या दिव्याचे व रोपांचे फोटो, वायरमनने लिहून दिलेला कागद