पोहरा, रहाट आणि एक दोरा

सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते रुचणार नाही, ठाऊक आहे. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण भावाशी अबोला मी चारचौघांतच धरला होता.

ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात तुमच्याकडे आलो आणि म्हणालो, "माझ्याकडून प्रार्थना होत नाही." जपमाळ हातात घेतली की तिसऱ्या मण्याला आमच्या बागायती वाडीचा नकाशा डोळ्यांसमोर यायचा. वडील गेल्यावर वाटणीत विहिरीकडची पट्टी भावाला गेली. चार वर्षं आम्ही दोघे चर्चमध्ये एकाच मिस्सेला, म्हणजे उपासनेला, येत होतो, पण वेगवेगळ्या दारांनी. मला वाटलं, आता क्षमेवर ऐकावं लागणार. तुम्ही विचारलंत, "विहिरीवर रहाट होता का हो?"

होता. वसईत आमच्या लहानपणी रहाटाच्या करकरीनेच जाग यायची. बैल फिरायचा, गाडगी भरून वर यायची, पाणी पाटातून केळींकडे आणि पानवेलींकडे जायचं. मी सांगत राहिलो आणि तुम्ही अडवलं नाहीत.

मग तुम्ही आविलाच्या संत तेरेजाची बाग दाखवलीत. स्पेनची ही कार्मेलाईट संघातली संन्यासिनी (१५१५ ते १५८२) आत्मचरित्रात म्हणते की बागेला चार प्रकारे पाणी मिळतं. पोहऱ्याने शेंदून, रहाटाने, ओढ्यातून, नाहीतर पावसाने. शेंदण्यात कष्ट सगळ्यांत जास्त, पावसात माळ्याला काहीच करावं लागत नाही. प्रार्थनेचंही तसंच. "तुम्ही पोहऱ्यावर आहात," तुम्ही म्हणालात, "आणि विहीर आटलेली आहे. तरी पोहरा सोडत राहा. फुलं जगवणारा दुसरा आहे." तेरेजासुद्धा कित्येक वर्षं प्रार्थनेला बसली की तास कधी वाजतो याकडे कान लावून असायची, हे तिनेच लिहून ठेवलंय. सिस्टर, त्या एका गोष्टीने मला रडू आलं. एवढी मोठी संत, आणि तिचीही घड्याळाकडे ओढ!

पुढच्या भेटीत दोरा आला. तेरेजाचे सहकारी, क्रूसाचे संत योहान, लिहितात की पक्षी जाड दोरीने बांधला काय किंवा बारीक दोऱ्याने, तो तुटेपर्यंत उडणार नाहीच. मी वाद घातला होता, आठवतं? "वडिलांच्या हातच्या वाडीवर प्रेम करणं हे पाप आहे का?" तुम्ही म्हणालात, "प्रेम करा, खूप करा. फक्त मूठ उघडून करा."

आणि मग स्पेनमधल्या टोलेडो शहराची कोठडी. योहानांना १५७७ च्या डिसेंबरात त्यांच्याच संघातल्या बंधूंनी कोंडलं, जवळजवळ नऊ महिने. त्या अंधारात त्यांनी प्रेमाची कवनं रचली. १५९१ साली, मरणाच्या काही महिने आधी, संघातलेच लोक पुन्हा उलटले असताना त्यांनी एका संन्यासिनीला पत्रात लिहिलं: जिथे प्रेम नाही तिथे प्रेम ठेवा, म्हणजे प्रेम काढाल. "काढाल" हा शब्द तुम्ही दोनदा उच्चारलात, विहिरीतून पाणी काढतात तसा.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आईवडिलांच्या कबरीवरची फुलं टवटवीत ठेवायला पाणी हवं होतं. घरी नळ आहे. तरी मी भावाच्या दारात गेलो आणि विहिरीचं एक बादलीभर पाणी मागितलं. तो काही बोलला नाही. आत जाऊन दोर घेऊन आला आणि एक टोक माझ्या हातात दिलं.

पट्टी त्याचीच आहे, त्याचीच राहील. नकाशा अजून कधीकधी डोळ्यांसमोर येतो. येतो तेव्हा मी पुढचा मणी धरतो.

फार फार आभार, सिस्टर. श्रावणात आमच्याकडे या. रहाट आता राहिला नाही, पण तेव्हा विहीर इतकी भरते की काठावर बसून ओंजळीने पाणी घेता येतं. तुम्हाला न्यायला आम्ही दोघेही येऊ.

तुमचा,
वाडीतला एक भाऊ