यंदा नव्याचा सण शनवारी

अश्दोद
18 ऑगस्ट 2026

प्रिय आई-बाबा,
शालोम.

बाबा, आधी तुमच्या गुडघ्यांचं. यंदा रोश हशाना, आपलं ज्यू नवं वर्ष, आजीचा नव्याचा सण, 12 सप्टेंबरला शब्बाथलाच, आपल्या विश्रांतीच्या शनवारीच आलाय. त्या दिवशी सिनगॉगमध्ये शोफार, आपलं सणाचं शिंग, वाजणार नाही, रविवारी वाजेल. सणाला तुम्ही रिक्षात बसत नाही, आणि दोन्ही दिवस चालणं आता झेपायचं नाही. एकच दिवस जायचं तर रविवारी जा.

लहानपणी मी हट्टानं विचारायचे, शोफारच नाही तर नव्याचा सण कसला? तुम्ही म्हणायचात, शब्बाथ मोठा. इथे आल्यावर नीट कारण कळलं. ज्याला वाजवता येत नाही असा एखादा शिंग काखेला मारून जाणकाराकडे शिकायला निघेल, ही भीती. शब्बाथला भर रस्त्यातून चार हातसुद्धा वस्तू न्यायची नाही. त्या एकाचं चुकू नये म्हणून सगळ्यांनी शोफार खाली ठेवायचा! मला याचं फार अप्रूप वाटतं. आपल्या पूर्वजांकडे तर तल्मूद हा नियमांचा ग्रंथही नव्हता, तरी कोकणात शनवारी तेलाचा घाणा बंद. आपल्याला शनवार तेली हे नाव त्यावरूनच पडलं.

माझी कामावरची गाडी रोज यावने गावावरून जाते. जेरुसलेमचं मंदिर असताना शब्बाथला शोफार त्या मंदिरातच वाजे. सन 70 मध्ये मंदिर पडलं आणि पुढे सण शब्बाथला आला, तेव्हा यावनेत लोक म्हणाले, वाजवायचा का यावर आधी चर्चा करू. तिथले धर्मगुरू रब्बान योहानान बेन झक्काई म्हणाले, आधी वाजवू. वाजवून झाल्यावर म्हणाले, शिंग ऐकू आलं, आता चर्चा कसली? ते स्टेशन आलं की मला हटकून तुम्ही आठवता.

आई, गव्हाच्या चिकाचा हलवा गुरुवारीच कर, शुक्रवारी घाई होते. आणि नारळाचं दूध शेजारच्या मुलीकडून काढून घे, मनगट दुखवून घेऊ नकोस. शुक्रवारी उंच ग्लासात भरपूर तेल घालून एक दिवा जास्तीचा लाव. शनिवारी रात्री तारे दिसले की सणाचा दिवा त्याच ज्योतीवरून लावायचा, काडी ओढायची नाही. रविवारचं जेवणही तारे दिसल्यावरच गरम करायला घे. तश्लिखला, पाण्यात पापं सोडायला, खाडीवर जायचं तेही रविवारीच.

सोमवारी सणानंतरचा गदल्याचा उपास. गोळ्या चालू आहेत, तुम्ही दोघांनी धरू नका. संध्याकाळी फोन करते. बाबा, शोफारचा शेवटचा लांब सूर, ती तेकिया, एका दमात झाली का, तेवढं सांगा.

तुमची,
लेक