आठवड्याला तीन पोस्टचा बेत जरा थांबव

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. ब्लॉग सुरू करतोयस आणि तोही आकाशदर्शनावर, हे ऐकून इतका आनंद झालाय की मेसेजवर दोन ओळी टाकून भागणार नव्हतं, म्हणून हे पत्र. तू टेलिस्कोपपाशी उभा राहून बोलायला लागलास की ज्याला आकाशातलं ओ की ठो कळत नाही तोही उठून बघायला येतो, आणि ते सगळं कुठेतरी लिहून राहायला हवं असं मला कधीपासून वाटतंय.

फक्त ते आठवड्याला तीन पोस्टचं प्लॅनिंग आत्ताच बाजूला ठेव बघू. उत्साहात माणूस वेळापत्रक आखतो ना, तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर नेहमी चांगला आठवडा असतो. तू वाईट आठवडा समोर धर. म्हणजे ऑफिसात डेडलाइन आहे, घरात कुणीतरी आजारी आहे, झोप धड झालेली नाही, अशा आठवड्यात तुझ्या हातून किती लिहून होईल? पंधरा दिवसातून एक होत असेल तर पंधरा दिवसातून एक, तेच पक्कं कर आणि वार ठरवून टाक. चांगल्या आठवड्यात जास्त लिहिलंस तर ते लगेच टाकायचं नाही, शिल्लक ठेवायचं. तीन-चार तयार पोस्ट हाताशी असल्याशिवाय पहिली पोस्टसुद्धा पब्लिश करू नकोस, हे मी अगदी हट्टाने सांगतेय.

आणि 21 दिवसात सवय लागते म्हणतात त्यावर जाऊ नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर अभ्यास केला होता, 2010 साली छापून आला, त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस निघाले, पण माणसामाणसात फरक केवढा, तर 18 पासून 254 पर्यंत. आणि त्या सवयी काय, तर जेवताना पाणी पिणं, फळ खाणं असल्या साध्या. लिहिणं त्याहून कितीतरी अवघड, त्यामुळे दोन महिन्यांनीही रोज स्वतःला ढकलावं लागत असेल तर तुझ्यात काही कमी आहे असं मनात आणू नकोस. त्याच अभ्यासात हेही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागायची थांबत नाही, मला तर हे जास्त मोलाचं वाटतं.

आता लिहायचं काय, हा प्रश्न तुझ्या बाबतीत खरं तर निम्मा सुटलेलाच आहे. तारकासमूह 88 आहेत, एकेकावर लिहीत गेलास तरी पंधरा दिवसांच्या हिशोबाने तीन वर्षांहून जास्त पुरतील. पण नुसती नावांची यादी करून ठेवू नकोस, तशी यादी महिन्याभराने उघडली की त्यात जीवच उरलेला नसतो. सुचेल तेव्हा फोनवर तीन ओळी टाक. विषय, त्यातली एक खरी बघितलेली गोष्ट, आणि पहिलं वाक्य. उदाहरणार्थ, ‘शर्मिष्ठा तारकासमूह. मुलांना इंग्रजी एम दाखवला की लगेच सापडतो, मग तिथूनच देवयानी दीर्घिकेकडे (म्हणजे गॅलक्सीकडे) नेता येतं. पहिलं वाक्य: ध्रुवतारा शोधायला सप्तर्षीच लागतात असं नाही.’ बस, एवढंच. पण लिहायला बसशील तेव्हा समोर कोरं पान नसेल.

लिहिणं आणि तपासणं एकाच बैठकीत करू नकोस बाबा. एका दिवशी फक्त ओतून काढायचं, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात, टाइप करायचा कंटाळा आला तर सरळ बोलून टाइप कर, आणि उठताना मुद्दाम एखादं वाक्य अर्धं सोड, कारण दुसऱ्या दिवशी ते पूर्ण करता करता हात आपोआप चालायला लागतो. दुसऱ्या दिवशी काटछाट. फोटो, हेडिंग, लिंका हे सगळं तिसऱ्या दिवशी, त्याला डोकं ताजं लागत नाही.

तारखेला बांधलेले विषय मात्र आधी मांडून घे. ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव 12-13 ऑगस्टच्या सुमारास भरात असतो, मिथुनेतला 13-14 डिसेंबरला, तर त्यावरची पोस्ट आठवडाभर आधी बाहेर पडायला हवी, लोकांना गच्चीची, जागरणाची तयारी करता आली पाहिजे. बाकी चंद्राचे खड्डे, दुर्बीण कशी निवडावी असले विषय कधीही चालतात, ते शिलकीत टाक. शेड्यूल करून ठेवणार असशील तर आधी सेटिंगमध्ये टाइम झोन बघ, वर्डप्रेसमध्ये, म्हणजे ब्लॉग चालवायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये, तो बऱ्याचदा यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतो आणि पोस्ट भलत्याच वेळी जाते. शिवाय स्वतःच्या होस्टिंगवर टाकलंस तर साइटवर कुणी आलं की मगच ते शेड्यूल हलतं, नव्या ब्लॉगवर कुणी फिरकत नसतं तेव्हा पोस्ट उशिरा जाऊ शकते, त्यामुळे सुरुवातीला स्वतः एकदा उघडून बघत जा.

व्ह्यूज रोज बघू नकोस, महिन्यातून एकदा पुरे.

आणि खंड पडला, पडेलच कधीतरी, तर परत येताना माफीची पोस्ट लिहू नकोस आणि राहिलेल्या पोस्टांची भरपाईही करू नकोस. ठरलेल्या वारी शिलकीतली एक नेहमीसारखी पोस्ट टाक आणि पुढे चाल. भरपाई करायला जातात ना, तिथेच बहुतेकांचे ब्लॉग कायमचे बंद पडतात, मला हे बघून फार वाईट वाटतं कारण त्यातले कितीतरी खरंच छान लिहीत होते.

तर रविवारपर्यंत मला चार विषयांच्या तीन-तीन ओळी पाठव, पॉलिश न करता, जशा सुचतील तशा. व्याध ताऱ्याच्या लुकलुकण्याबद्दल तू मागे जे सांगत होतास, ते त्यात असू दे. मी वाचून लगेच कळवते कुठली आधी लिहायची ते.

तुझी मैत्रीण