आप्पा, नाव गेली

आप्पा, रामराम.

सोमवारी सकाळी माझी शिडाची नाव गेली. ती विकत घेणाऱ्या नाशिकच्या पोरानं पिकअपमध्ये जुन्या गाद्या अंथरल्या, वर तिला पालथी घातली आणि सुंभानं नाही, चांगल्या पट्ट्यांनी आवळली. डोलकाठी गाडीच्या बाहेर लांब डोकावत होती, म्हणून तिच्या टोकाला आमच्या हिनं लाल फडकं बांधलं. वरणगावच्या वळणावर ते फडकं दिसेनासं झालं, तेव्हा मी घरात आलो आणि सरळ हे लिहायला बसलो.

पत्र तुमच्या नातवाच्या फोनवर पाठवतोय आणि चारचौघांतही मांडतोय. कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच कूलरच्या मोटारीची गोष्ट काढता. इथं तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

वाचणाऱ्यांना आधी एवढं सांगतो, की आप्पा भुसावळला फायबरचे कूलरचे टप करतात, माझ्या नावेचा कुजका तळ त्यांनीच दुरुस्त केला. आणि खान्देशात शिडाची नाव म्हटल्यावर लोक हसतात. आमच्या मेव्हण्यांनी तर तिचं नाव ‘म्हातारचळ’ ठेवलं होतं. पण हतनूर धरण भरलं की चांगदेवापाशी, तापी-पूर्णेच्या संगमावर, डोळ्यांत मावणार नाही एवढं पाणी असतं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. तापी पश्चिमेला वाहते आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, म्हणजे धरणाच्या भिंतीकडं जायचं तर वाऱ्याच्या तोंडावर जावं लागतं. शिडाची नाव तशी थेट जात नाही. पंचेचाळीस अंश इकडं, मग पंचेचाळीस अंश तिकडं, असं नागमोडी चढत जायचं. परतताना मात्र शीड मोकळं सोडून पाय पसरायचे. नौदलात होतो तेव्हा हे शिकलो. १९८२ च्या एशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या, फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल जातीच्या नावेत सुवर्णपदक घेतलं, तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. ते वेड पेन्शनीत उगवलं.

माझी नाव फायरबॉल नव्हे, एंटरप्राइज. १९५६ साली जॅक होल्ट या इंग्रजानं आखलेली, प्लायवूडची, लांबी चार मीटरच्या जरा वर, दोन माणसांची, निळ्या शिडांची. मी ती २०१२ साली पुण्याकडं एकाकडून अडतीस हजारांत घेतली. आरशासारखा पांढरा रंग होता. पहिल्याच हिवाळ्यात कळलं की त्या रंगाखाली काय होतं. बोटानं दाबलं तर तळाची फळी भिजलेल्या बिस्किटासारखी दबायची. पापुद्रे सुटलेले. तरंगत राहण्यासाठी हवेच्या पिशव्या असतात, त्यांच्या जागी त्या गृहस्थानं स्कूटरच्या ट्यूबा कोंबल्या होत्या, त्यातली एक पंक्चर. फोन केला तर म्हणाले, “साहेब, जुनी वस्तू आहे.” जुनी होती हे मलाही दिसत होतं हो. कुजलेली होती, ते दिसू नये म्हणून तर रंग होता.

मग ‘बोटींचीच कामं करतो’ म्हणणारे एक मोठ्या शहरातले कारागीर सापडले. बावीस हजार घेतले. कुजकं लाकूड कापायच्या ऐवजी त्यात मोटारीच्या पत्र्याला भरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, लोखंडी स्क्रू मारले आणि वर पुन्हा पांढरा रंग. सहा महिन्यांत प्रत्येक स्क्रूभोवती गंजाचा तांबडा ओघळ आला. पांढऱ्या नावेला गोवर निघाल्यासारखा. तिसरे एक ‘मरीन प्लाय’, म्हणजे पाण्यात न सुटणारं प्लायवूड, म्हणून देऊन गेले, तो तुकडा मी रात्रभर बादलीत टाकला तर सकाळी त्याची वही झाली होती. या तिघांची नावं घेत नाही. घेतली तरी त्यांना काही वाटणार नाही.

मधली वर्षं मी तिच्यावर खर्च करतच राहिलो, ते काही रडगाणं नाही, ती हौस होती. गंजक्या तारा काढून स्टेनलेसच्या घातल्या. नवी शिडं शिवून घेतली. ट्यूबा फेकून रीतसर पिशव्या आणल्या. सुकाणूची बिजागरं बदलली. वरवरचं सगळं नवं, आणि तळ तोच. नाव वाऱ्यानं आडवी सरकू नये म्हणून पाण्यात सोडायची फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, ज्या पेटीतून खाली सोडतात त्या पेटीच्या बुडाशी पाणी येतच राहिलं. तासाभराच्या फेरीत दोन डबे पाणी उपसायचो.

यंदा गुडघ्यांनी निकाल दिला. एंटरप्राइज उलटली की सेंटरबोर्डवर उभं राहून, अंगाचा भार टाकून ती सरळ करावी लागते. गेल्या डिसेंबरात एकदा उलटली आणि मला ते जमेना. भोई समाजातल्या दोन पोरांनी डोंगा आणून मला बाहेर काढलं. तेव्हाच ठरवलं, विकायची.

तुमच्याकडं आलो तो एप्रिल होता. भुसावळात पंचेचाळीस अंश, तुमच्या दारात कूलरच्या फायबरच्या टपांची रांग, फोन खाली ठेवायला सवड नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जूनमध्ये या. तुम्ही पाण्याची टाकी आणि कूलरचे टप करणारे, नाव आयुष्यात केलेली नाही. तसं स्वच्छ सांगितलंतही. मग खिशातून रुपयाचं नाणं काढलंत आणि तळ ठोकत ठोकत पुढून मागे गेलात. टण्, टण्, टण्, आणि पेटीच्या उजव्या बाजूला एकदम भद. पुन्हा ठोकलंत. भद. मी बारा वर्षं त्या नावेत बसलो होतो आणि तो आवाज कधी ऐकला नव्हता.

काम आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, केलंत. पोरं सुट्टीवर, दुकानात आपण दोघंच. पाणी कुठून येतं ते शोधायला नाव पाण्यात घालायची नाही, पाणी नावेत घालायचं, ही तुमची अक्कल. चार ठोकळ्यांवर नाव उचलली, खालून पेटीच्या सांध्याला कोरडी रांगोळी लावली आणि आत नळी सोडली. त्या दिवशी घरोघरी पितरांसाठी घागर भरतात, आपण नाव भरली. पाच मिनिटांत पांढऱ्या रांगोळीत एक काळी रेघ उमटली, केसाएवढी, वीतभर लांब. पाणी तिथूनच येत होतं.

बाकीचं काम कसं केलंत ते सगळं सांगत बसत नाही. पण दोन गोष्टी सांगतोच. कूलरला वापरता ते पॉलिएस्टर रेझिन लाकडाला नीट धरत नाही, म्हणून तुम्ही स्वतः इपॉक्सी मागवायला लावलंत. त्यात तुमचा माल खपला नाही, फायदा दुकानदाराचा. आणि उन्हाळ्यात रेझिन कालवलं की डब्यातच तापून गोठतं, म्हणून तुम्ही तीन दिवस पहाटे पाचला दुकान उघडलंत. मी चहाचा थर्मास घेऊन यायचो, तर तुम्ही आधीच कुजका भाग कापून, कडा उतरत्या घासून बसलेले. नंतर भंगारवाल्याच्या काट्यावर नाव तोलली. या जातीचं नुसतं धड नव्वद किलोच्या आसपास असायला हवं. आपलं आलं सत्त्याण्णव. त्याआधी ती एकशे आठ होती, म्हणजे अकरा किलो कूज, लांबी आणि जुनं पाणी मी इतकी वर्षं वाऱ्यावर ओढत होतो.

पण आप्पा, मला आभार मानायचेत ते याचे नाहीत. कामाचे तुम्ही पैसे घेतलेत, मी दिले.

शेवटच्या दिवशी आत रंग द्यायचा होता. पांढरा डबा मीच आणला होता. मी म्हणालो, “आप्पा, सगळं एकजात पांढरं मारून टाका, जोड दिसला की गिऱ्हाईक भाव पाडतं.” खोटं कशाला बोलू, हे माझे शब्द. ज्या रंगानं मला फसवलं, तोच डबा मी हातात घेऊन उभा होतो.

तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कानामागची पेन्सिल काढलीत. नव्या लाकडाच्या कडेनं, जोडाबाहेर, एक बारीक रेघ फिरवलीत, अंडाकृती. तिच्याशेजारी तारीख घातलीत. एक छोटा बाण काढून लिहिलंत, “इथून नवं.” आणि त्यावर पांढरा रंग न देता नितळ वार्निश दिलंत, उन्हानं इपॉक्सी खराब होऊ नये म्हणून दोन हात जास्त. जुनं लाकूड कुठं संपतं आणि नवं कुठं लागतं, ते काचेखाली ठेवल्यासारखं दिसायला लागलं. मी काही बोलणार तेवढ्यात तुम्ही शिरपूरकडच्या तुमच्या अहिराणीत पुटपुटलात, “जेले लेनी शे तो देखीसन ली.” ज्याला घ्यायची आहे तो बघून घेईल. आणि ब्रश रॉकेलात बुडवलात. बस, एवढंच.

खरं सांगतो, मला राग आला होता. घरी येऊन हिला म्हणालो, म्हाताऱ्यानं पाच-दहा हजारांचं नुकसान केलं. रात्री झोप लागली नाही. लागली नाही ती पैशांपायी, असं मी स्वतःला सांगत होतो.

पाऊस सरला, धरणाचे एक्केचाळीस दरवाजे बंद झाले, पाणी चढलं, आणि दिवाळीनंतर नाशिकचा तो पोरगा चांगदेवला आला. इंजिनिअर आहे, गंगापूर धरणावर फिरवणार म्हणतो. आधी दोघं तिघं येऊन गेले होते. एकानं हजाराचं विसार दिलं आणि नंतर फोन उचलला नाही. एकजण मंदिरापाशी फोटो काढून गेला. या पोरानं मात्र बूट काढले, नावेत उतरला आणि गुडघ्यांवर बसून तळ बघायला लागला. मी जरा लांबच उभा राहिलो. तो त्या रेघेपाशी थांबला. बोटानं तिच्यावरून गेला, एकदा, मग उलटा. वाकून तारीख वाचली.

“काका, हे कोणी केलं?”

सांगितलं. भुसावळचे कूलरवाले आप्पा.

“आणि झाकलं का नाही?”

आप्पा, त्याला काय सांगायचं ते मला सुचेना. “तुम्हाला दिसावं म्हणून,” एवढंच म्हणालो, आणि ते म्हणताना माझेच कान गरम झाले, कारण ते श्रेय माझं नव्हतं. त्यानं रुपयाचं नाणं काढून तळ ठोकला नाही. लांबीचा संशय घेतला नाही. पाण्यात एक फेरी मारली, दोन तास, डबा कोरडा. सत्तर सांगितले होते, घासाघीस न करता सत्तरच दिले. वर म्हणाला, “बाकी कुठं काही असतं तर तुम्ही तेही लिहिलं असतं.”

म्हणजे माझ्या शब्दावर त्यानं जो भरवसा ठेवला, तो तुमच्या पेन्सिलीवर ठेवला. फुकटात मिळाला मला.

हल्ली आपण सगळेच पांढरा डबा घेऊन फिरतो. गाडी विकायची तर मीटर मागे, घर विकायचं तर ओल आलेल्या भिंतीवर डिस्टेंपर, केळीच्या गाडीत वर चांगला घड आणि खाली डागी. आणि त्याला चलाखी म्हणतो. तुम्ही त्या दिवशी मला भाषण दिलं असतं तर मी ऐकून सोडून दिलं असतं. तुम्ही नुसती रेघ मारलीत, म्हणून ती अजून जात नाही.

एक कबुलीही देतो. रेघ असलेल्या भागाचा फोटो मी जाहिरातीत टाकला नव्हता. उरलेले सगळे फोटो टाकले होते. तो पोरगा आला तेव्हा त्याला ती पहिल्यांदा दिसली. ते तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

तर हिशेब. तुमचे अकराशे बाकी आहेत, इपॉक्सीच्या डब्याचे वरचे. तुम्ही म्हणालात, नाव विकली की द्या. विकली. आता कूलरचा हंगाम नाही, म्हणजे दुपारी दुकानात असालच. शुक्रवारी येतो. बामणोदची वांगी आली आहेत बाजारात, ही भरीत भाजून देणार आहे, कळण्याच्या भाकरी सोबत आहेत. ताटं तिघांची काढा, नातवालाही बसवा.

आणि ते रुपयाचं नाणं जपून ठेवा. आमच्या गच्चीवर पाणी गळतंय, तिथंही ठोकून बघायचंय.

तुमचा,
वरणगावचा नाववाला